गुणपत्रिका भलत्याच हाती पडली तर

भिलाईच्या सेक्टर 2 मधला विद्यार्थी विद्यापीठात नाव नोंदवतो तेव्हा आधार, जातीचा दाखला, बँक खाते, मोबाईल क्रमांक असे सगळेच त्या संस्थेच्या हवाली करतो. त्यातले काही बाहेर फुटले तर? एप्रिल 2023 मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) 90 हजारांहून अधिक उमेदवारांची प्रवेशपत्रे टेलिग्रामवर फिरली होती, म्हणजे भीती काल्पनिक नाही.

आधी पुरावा जपा: स्क्रीनशॉट, तारीख, वेळ, दुवा. मात्र फुटलेली यादी पुढे पाठवू नका. इतर मुलांचीही माहिती त्यात असते. मग कुलसचिवांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीचा मागमूस राहत नाही, म्हणून पोचेचा आग्रह धराच. दाद न मिळाल्यास यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे, तिच्यावर लोकपाल. माहितीचा गैरवापर झाला असेल तर सायबर पोलिसांकडे जा; पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा.

वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा 2023 चा, पण नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. इतका उशीर मुलांवर अन्याय करणारा आहे.