नाव पाण्यात घालण्याआधी

परतवाड्याहून वझ्झरकडे येणारा एक छोटा हत्ती सकाळी साडेआठच्या सुमाराला सापन धरणाच्या काठाशी थांबतो. डाल्यावर फायबरची निळी नाव पालथी बांधलेली आहे. अचलपूरची चार पोरं उड्या मारून उतरतात आणि दोरखंड सोडायला लागतात. पाऊसकाळ नुकताच सरला आहे, पाणी काठोकाठ आहे, पलीकडे गाविलगडाचे डोंगर अजून हिरवे आहेत.

नाव जुनीच घेतली आहे, पण पोरांची तयारी कच्ची नाही. एकाच्या हातात वही आहे. किती जॅकेटं, किती शिट्ट्या, एका खेपेला किती माणसं, दिवस मावळल्यावर नाव बंद, असं सगळं त्याने लिहून आणलं आहे. आज नाव फक्त पारखून पाहायची. चालवायची ती रीतसर परवानगी काढून. चिखलदऱ्याला जाणारी माणसं परतवाड्यात चहापुरती थांबतात, ती इथे तासभर थांबली तर चार घरं चालतील, असा त्यांचा हिशोब आहे. मला तो पटतो. धरण आपल्या उशाशी आणि पोराबाळांना नावेत बसवायचं तर घाट चढून चिखलदऱ्याचा शक्कर तलाव गाठायचा, हे बरोबर नाही. अचलपूरजवळ हौज कटोरा आहे, गोल हौदाच्या मधोमध उभा असलेला अष्टकोनी मनोरा. पाण्याच्या मध्यभागी बसून वारा घेण्याचं सुख पूर्वी राजेलोकांचं होतं. आता ते भाजी विकणाऱ्या बाईलाही मिळावं.

बाभळीखाली जाळं सांधत बसलेले एक भोईकाका मघापासून नावेकडे पाहताहेत. ते सुई जाळ्यात खोचून ठेवतात आणि उठतात.

"कोनत्या पान्यातली हाये ही नाव?"

"अमरावतीकडच्या एका तयावातली, काका. परवाच उचलली."

"धुतली काय?"

पोरं एकमेकांकडे पाहतात. वहीवाला म्हणतो, "पान्यातच तं टाकाची हाये. धुवाची काऊन?"

काका उत्तर देत नाहीत. नाव उलटी करून जमिनीवर ठेवायला लावतात आणि तिच्याभोवती फिरतात. बसायच्या फळीखाली हात घालतात, कडेची खाच बोटाने कोरतात, ओल्या दोरीची वेटोळी एकेक करून उलगडतात. तिसऱ्या वेटोळ्यात त्यांचं बोट थांबतं. ते काहीतरी ओढून काढतात आणि तळहातावर ठेवतात. दोन बोटांएवढा हिरवा तुकडा, देठ फुगलेला, खाली काळसर तंतुमुळं. दोन दिवस दोरीत गुंडाळलेला असूनही तो टवटवीत आहे.

"वयखता का? जलपर्णी. पाहा कशी कांद्यावानी फुगली."

"एवढुसं तं हाये, काका!"

एवढुसंच पुरतं. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. जांभळ्या फुलांच्या हौसेपोटी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली आणि मग देशभर पसरली. तिला बी पडायची वाट पाहावी लागत नाही. एका रोपाला बाजूला फुटवे फुटतात, ते सुटून वेगळे होतात. ऊन आणि पाण्यात मिसळलेलं सांडपाणी मिळालं की दोन आठवड्यांत पसारा दुप्पट होतो. वर जाड थर धरला की खाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात, डास माजतात. उपसून काढली तरी चिखलातलं बी कित्येक वर्षं जिवंत राहतं. तिला खाणारे भुंगेरे 1983 पासून आपल्याकडे सोडले जात आहेत, काही ठिकाणी त्यांचा गुणही आला. पण पुण्याच्या मुळा-मुठेवर आणि कोल्हापूरच्या पंचगंगेवर ती पुन्हा पुन्हा वर येतेच आहे. सापनेचं पाणी पुढे पूर्णेच्या खोऱ्यात जातं आणि पूर्णा तापीला मिळते. इथे सुटलेलं रोप इथेच थांबेल, अशी खात्री कोण देणार?

"नावेले बूच हाये काय?" काका विचारतात. आहे. बूच काढल्यावर नावेच्या पोकळीतून बादलीभर हिरवट पाणी मुरमावर सांडतं. त्यात बारीक जीव वळवळतात. ते कशाचे आहेत हे मला सांगता येत नाही, काकाही मान हलवतात. मला तर त्या तुकड्यापेक्षा या पाण्याची जास्त धास्ती वाटते. झेब्रा मसल नावाचा नखाएवढा शिंपला मूळचा काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या परिसरातला. जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून तो अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांत पोचला. 1988 मध्ये तिथे सापडला आणि मग सहलीच्या होड्यांबरोबर तळ्यातळ्यांत गेला. पाणीपुरवठ्याचे नळ त्याने बुजवले. त्याची पिल्लं डोळ्याला दिसतही नाहीत. म्हणून मिनेसोटा राज्यात नाव रस्त्याने नेताना बूच काढून ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. ज्या कामाला तिकडे कायदा करावा लागला, ते काकांनी आत्ता न सांगता केलं.

काका पोरांना आपलं जाळं दाखवतात. "हे जायं फक्त या धरनाचं. दुसऱ्या पान्यात नेलं तं चार-पाच दिवस उन्हात वायवल्याबिगर परत टाकत नाई." पावसाळ्यात बोटुकली सोडताना ते पिशव्यांमधलं बीज आधी परातीत ओतून पाहतात, कतला-रोहूच्या बीजात तिलापिया घुसला आहे का म्हणून. तो एकदा आला की वर्षभर अंडी घालतो आणि बाकीच्यांचं खाणं खातो. आफ्रिकन मांगूर तर देशात 2000 पासून बंदी असलेला मासा. तो हाती पडेल ते खातो, आपल्या देशी मांगुरालाही सोडत नाही.

"मंग आता काय कराचं?" वहीवाला विचारतो. त्याचा सूर बदलला आहे.

नाव पुन्हा डाल्यावर चढते. काठावर धुतली तर घाण पाण्यातच परत जाणार, म्हणून ती वरच्या संत्र्याच्या बागेत जाते. मालक मोटार चालू करून देतात. पोरं फळ्या, खाचा, वल्ही, जॅकेटं, दोरी ब्रशने घासतात. पाणी झाडांच्या आळ्यांत मुरतं. जलपर्णीचा तुकडा काका तापलेल्या दगडावर टाकतात. नाव आता आठवडाभर उन्हात राहील. रविवार वाया गेला म्हणून एक पोरगा हिरमुसतो, तेव्हा काका त्याला आपल्या डोंग्यात बसवून जाळी पाहायला घेऊन जातात. वहीवाला काठावर बसून नवं पान उघडतो आणि लिहितो: नाव याआधी कोणत्या पाण्यात होती, हे विचारायचं.

सापनेवर नावा याव्यात, लोकांनी पाण्यावर यावं, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी धक्का बांधाल तेव्हा काठापासून दूर, शोषखड्डा असलेला एक ओटा, पाण्याचा पाइप आणि हे एवढं विचारणारा एक माणूस आधी ठेवा. पसरलेली जलपर्णी उपसण्याच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही. आणि तुम्ही नाव, जाळं किंवा गळ घेऊन कोणत्याही तळ्यावर जाणार असाल, तर आधीचं पाणी जमिनीवर सांडा, सगळं धुवा, पूर्ण वाळू द्या. घरच्या काचपेटीतला नकोसा मासाही तळ्यात सोडू नका.