झोप उडालेला कार्यकर्ता : उन्माद आणि बायपोलर समजून घेताना

एप्रिलचा पहिला आठवडा होता. सोनगीरमध्ये जयंतीची तयारी जोरात होती. कमिटीतला २२-२३ वर्षांचा एक मुलगा एकटा दहा जणांचं काम उरकत होता. रात्री दोनला बॅनरचा मजकूर, पहाटे चारला ग्रुपवर मेसेजचा पाऊस, सकाळी सातला धुळ्याला जाऊन डीजेचा ॲडव्हान्स. सगळे म्हणायचे, कार्यकर्ता असावा तर असा. आम्हीही म्हणालो होतो.

दहाव्या दिवशी त्याने आईची पोत गहाण ठेवून दोन जास्तीचे डीजे बुक केले. आपण पुढचे खासदार आहोत, दिल्लीहून फोन येणार आहे, असं तो ठामपणे सांगू लागला. ग्रुपवर गावातल्या पुढाऱ्यांना शिव्या दिल्या आणि समजवायला गेलेल्या मोठ्या भावावर हात उचलला. आई आमच्याकडे आली तेव्हा एवढंच म्हणाली, "मन्हा पोर्‍या आठ दिन पासून झोपत नही." नेमकं लक्षण तिने सांगितलं होतं. आम्ही शिकलेली माणसं मात्र तोवर "टेन्शन असेल", "पितो का बघा" एवढ्यावरच होतो. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

या अवस्थेला उन्माद म्हणतात, डॉक्टर मेनिया म्हणतात. झोप न येणं वेगळं आणि झोपेची गरजच न वाटणं वेगळं. परीक्षेच्या काळजीने जागलेला मुलगा सकाळी गळून गेलेला असतो. उन्मादातला मुलगा दोन-तीन तास झोपूनही ताजातवाना असतो, हा मोठा फरक आहे. त्याच्या जोडीला बोलण्याचा वेग वाढतो, एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या पडतात, स्वतःविषयी अवास्तव मोठेपणा वाटतो, पैसा हातात टिकत नाही, अडवलं की राग भडकतो. काहींना भास होतात. हे सारं आठवडाभर टिकलं, किंवा त्याआधीच दवाखान्यात दाखल करण्याची वेळ आली, तर डॉक्टर त्याला उन्मादाचा झटका धरतात. सौम्य रूपही असतं. त्यात माणूस नुसता जास्त उत्साही दिसतो आणि घरच्यांना ते आवडतंही.

आपल्या चळवळीत हे ओळखणं जास्त अवघड जातं. बाबासाहेबांच्या १८ तासांच्या अभ्यासाचा आदर्श आपण लहानपणापासून ऐकतो, त्या नावाने अभ्यासाचे उपक्रम घेतो. ते चांगलंच आहे. पण त्यामुळे जागरणाला आपल्याकडे मान मिळतो आणि आजारी मुलाच्या पाठीवर आपण शाबासकी देत राहतो. अभ्यासाला बसलेला माणूस हातातलं काम पुरं करतो. उन्मादातला माणूस वीस कामं सुरू करतो आणि एकही तडीस जात नाही. आमच्या त्या मुलाने बॅनरचे सात मजकूर केले होते, छापखान्यात एकही गेला नव्हता.

उन्माद कायम राहत नाही. तो ओसरतो आणि पुष्कळदा मागे नैराश्य येतं. हाच मुलगा जूनमध्ये खाटेवरून उठत नव्हता. मन असं दोन टोकांना जातं म्हणून या आजाराला द्विध्रुवीय, म्हणजे बायपोलर म्हणतात. सुरुवात बहुधा विशीच्या आसपास होते, म्हणजे नेमकी कॉलेज, स्पर्धा परीक्षा, पहिली नोकरी याच वयात. आत्महत्येचा धोका या आजारात मोठा असतो. बंगळूरच्या निम्हान्सने २०१५-१६ साली राष्ट्रीय सर्वेक्षण केलं. त्यात आयुष्यात कधीतरी हा आजार झालेल्यांचं प्रमाण दर २०० प्रौढांमागे एक निघालं आणि दहातल्या सात जणांना उपचार मिळत नव्हते. त्या सर्वेक्षणात महाराष्ट्र नव्हता, पण आपल्या शेजारचे गुजरात आणि मध्य प्रदेश होते.

या मुलाची आणखी एक गोष्ट नंतर कळली. दोन वर्षांपूर्वी तो उदास होता तेव्हा एका डॉक्टरने फक्त नैराश्याच्या गोळ्या दिल्या होत्या. बायपोलर असलेल्याला मन स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय नुसत्या या गोळ्या दिल्या तर उन्माद उफाळू शकतो. म्हणून नैराश्यासाठी डॉक्टरकडे गेलात तर पूर्वी कधी असा "जोरात असलेला" काळ येऊन गेला का, घरात कुणाला असा आजार होता का, हे न विचारताही सांगावं.

औषधांत लिथियम जुनं आणि भरवशाचं आहे. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९४९ मध्ये उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला. ते घेताना रक्तातलं प्रमाण, थायरॉइड आणि किडनी तपासत राहावं लागतं. आपल्या खान्देशात एक जास्तीची काळजी हवी. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, माणूस शेतात नाहीतर मिरवणुकीत घाम गाळतो, पाणी कमी पडतं आणि मग रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. हात जास्त थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं असं दिसलं की थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनीही ते वाढतं. दुसरं एक नेहमीचं औषध व्हॅल्प्रोएट. गरोदरपणात त्याने बाळाला व्यंग येण्याचा धोका असतो, म्हणून तरुण मुलींनी आधीच डॉक्टरांशी बोलावं. आणि बरं वाटलं म्हणून गोळी मनानेच बंद करायची नाही. आजार उलटण्याचं हे सर्वात नेहमीचं कारण आम्ही पाहतो.

आता भगताबद्दल. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही "बाहेरचं असेल, एकदा दाखवून तर बघू" असं होतं, हे आपण झाकून ठेवू नये. या मुलालाही आधी तिकडेच नेलं होतं. त्या आईला आम्ही दोष देत नाही, तिला दुसरा रस्ता कुणी दाखवलाच नव्हता. पण अंगातलं काढायचं म्हणून मारहाण करणं, साखळीने बांधणं, दवाखान्यापासून अडवणं हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू. तो कार्यकर्त्यांनी वाचलाच पाहिजे. मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेली व्यक्ती पोलिसांनी ताब्यात घेतली तर तिला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यावं लागतं. आपल्या वस्तीतला पोरगा रस्त्यावर आरडाओरडा करतो तेव्हा "दारू पिऊन दंगा" अशी नोंद सहज होते. तिथे कलम १०० माहीत असलेला एक माणूस उभा असला तर फरक पडतो. याच कायद्याने प्रौढ माणसाला आधीच लिहून ठेवता येतं की आजार उसळला तर कसे उपचार हवेत, कसे नकोत आणि आपल्या वतीने कुणी बोलायचं. हे शांत काळात करायचं काम.

सोनगीरहून धुळे वीसेक किलोमीटर. तिथल्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत जाता येतं. जायच्या आधी बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास चालतो, मराठीतही. समोर उन्मादातला माणूस असेल तर वाद घालून जिंकायला जाऊ नका. आवाज खाली ठेवा, गर्दी हटवा, गाडीची चावी आणि एटीएम कार्ड शांतपणे बाजूला करा. त्याचे व्हिडिओ काढू नका. या मुलाचा व्हिडिओ तीन गावांत फिरला, आणि बरा झाल्यावर त्याला आजारापेक्षा तोच जास्त लागला.

यंदाच्या तयारीच्या बैठकीला तो आला होता. कमिटीने त्याच्याकडे ग्रंथ प्रदर्शनाचं काम दिलंय, दिवसाचं. साडेनऊला त्याचा भाऊ मोटारसायकल घेऊन दाराशी उभा राहिला. बैठक अजून रंगात होती, पण तो उठला, सगळ्यांना जयभीम केला आणि झोपायला गेला.