जुन्या मालमोटारीतील शीतनजलाची गळती : निदान आणि दुरुस्ती

घाट चढणाऱ्या जुन्या मालमोटारीत पाण्याचा डबा असावयाचाच, ही गोष्ट महाराष्ट्रात इतकी परिचित आहे की तिच्यामागील बिघाडाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. इंजिन तापले की थांबावे, रेडिएटर भरावा व पुढे निघावे, असा क्रम महिनोन्‌महिने चालतो. परंतु नित्य पाणी ओतणे हा गळतीवरील उपाय नसून ती पुढील गळतीची पूर्वतयारी होय. असे का घडते व गळतीचे मूळ कोणत्या क्रमाने शोधावे, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी साधारणतः पाव ते एक तृतीयांश भाग शीतनजलामार्फत बाहेर टाकला जातो. शीतनजल म्हणजे केवळ पाणी नव्हे. पाणी, एथिलीन ग्लायकॉल आणि धातूंचे रक्षण करणारी गंजरोधक द्रव्ये यांचे ते मिश्रण असते. गळतीवाटे हे मिश्रण निघून जाते आणि त्याच्या जागी विहिरीचे वा कूपनलिकेचे दुष्फेन पाणी येते. दर खेपेस गंजरोधकांचे प्रमाण घटते व क्षारांचे वाढते. क्षारांचा थर उष्णतेचा मंदवाहक असल्यामुळे सिलिंडरच्या भिंती अधिक तापतात. ज्या इंजिनांत लायनरच्या बाह्य पृष्ठास पाण्याचा प्रत्यक्ष स्पर्श होतो, तेथे लायनरच्या कंपनामुळे सूक्ष्म बाष्पबुडबुडे निर्माण होऊन फुटतात व धातूवर खड्डे पाडतात. योग्य गंजरोधक नसल्यास हे खड्डे अखेर लायनरच्या आरपार जातात. रबरी नळीच्या सांध्यातून प्रारंभी होणारी किरकोळ गळती अशा रीतीने इंजिनाच्या अंतर्भागात पोहोचते.

निदानाच्या प्रारंभी रेडिएटरच्या झाकणाचा विचार करणे इष्ट. हे झाकण म्हणजे स्प्रिंगने दाबलेली एक झडप असते. समुद्रसपाटीस १०० अंश सेल्सिअसला उकळणारे पाणी सुमारे १३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरी ९५-९६ अंशांसच उकळते. उलट, झाकणाने वातावरणापेक्षा ५० किलोपास्कल अधिक दाब राखला, तर समुद्रसपाटीस तेच पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग ढिली पडली अथवा रबरी चकती झिजली, तर चढावर पाणी उकळून वाहक नळीवाटे रस्त्यावर पडते. कोठेही छिद्र नसता पाणी कमी होते, ते असे. म्हणून झाकणाची परीक्षा स्वतंत्रपणे करावी. इंजिन गरम असता ते मुळीच उघडू नये. दाब एकाएकी उतरल्याने पाणी उसळते व चालकाचे तोंड-हात भाजतात.

झाकण निर्दोष ठरल्यास थंड इंजिनावर दाबपरीक्षा करावी. रेडिएटर पूर्ण भरून त्याच्या तोंडाशी दाबमापकयुक्त हातपंप बसवावा व झाकणावर नमूद केलेल्या दाबापर्यंतच हवा भरावी. दहा-पंधरा मिनिटे काटा स्थिर राहिला, तर थंड स्थितीत तरी व्यवस्था अभंग आहे, असे मानावे. काटा उतरत असेल, तर ओल शोधावी. ती जेथे दिसते तेथेच उगम असतो असे नाही. पंख्याचा वारा थेंबांना मागे नेतो व पाणी ब्लॉकवरून ओघळून खाली साठते. यास्तव शोध नेहमी सर्वांत वरच्या ओल्या स्थानापासून सुरू करावा. नळ्यांचे सांधे, रेडिएटरच्या नलिका व टाक्यांमधील डाख, थर्मोस्टॅटचे घर आणि ब्लॉकच्या बाजूस ठोकून बसविलेली पोलादी टोपणे यांची क्रमाने पाहणी करावी. पाण्याच्या पंपाखाली एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. तेथून पाणी ठिबकत असल्यास पंपाचे सील निकामी झाले, असे समजावे. ते छिद्र बुजविणे ही घोडचूक होय; कारण मग पाणी बेअरिंगमध्ये शिरते.

काटा उतरतो, परंतु बाहेर कोठेही ओल नाही, अशा वेळी गळती अंतर्गत असण्याचा संभव असतो. येथे दाबांची तुलना मार्गदर्शक ठरते. चालू इंजिनात वंगणतेलाचा दाब सामान्यतः पाण्याहून अधिक असल्याने तेलशीतकाची नळी फुटल्यास तेल पाण्यात येते. इंजिन बंद होताच तेलाचा दाब नाहीसा होतो, पण तप्त पाण्याचा काही काळ टिकतो व पाणी तेलात उतरू शकते. हेड गॅस्केट जळाले असल्यास ज्वलनवायू पाण्यात शिरतात. रेडिएटरमध्ये अखंड बुडबुडे दिसतात. कार्बन डायऑक्साइडने निळा रंग पालटणाऱ्या दर्शक द्रावाने याची खातरजमा होते. मात्र डिझेल इंजिनात हवेचे प्रमाण अधिक असल्यामुळे ही परीक्षा भार देऊन करावी. सिलिंडरात पाणी साठल्याचा संशय असेल, तर इंजिन सुरू करू नये. पाणी दाबले जात नाही आणि दट्ट्याचा दांडा वाकतो.

दुरुस्ती निदानास अनुसरून व्हावी. तांब्या-पितळेचा रेडिएटर डाख देऊन सांधता येतो; दुरुस्तीनंतर तो पाण्यात बुडवून, हवा भरून तपासावा. गॅस्केट बदलताना हेडचा सपाटपणा सरळ पट्टी व फीलर गेजने मोजल्यावाचून नवे गॅस्केट बसवू नये. वाकलेल्या हेडखाली तेही जळते. बोल्ट मध्यापासून बाहेरच्या दिशेस, टप्प्याटप्प्याने व उत्पादकाने दिलेल्या पिळानुसार आवळावेत. गळती बुजविणारी चूर्णे प्रसंगी मुक्कामापर्यंत नेतात. परंतु ती रेडिएटरच्या अरुंद नलिकाही बुजवितात. काढलेले शीतनजल उघड्यावर सोडू नये. एथिलीन ग्लायकॉल चवीस गोड पण विषारी असून जनावरे ते पितात. शेवटी शुद्ध पाणी व गंजरोधकयुक्त द्रव योग्य प्रमाणात हळूहळू भरून अडकलेली हवा काढावी, आणि इंजिन एकदा तापून निवल्यावर दाबपरीक्षा पुन्हा करावी.

तापलेल्या इंजिनात किती पाणी मावले, हे चालकास ठाऊक असते. ते कोठे गेले, हा प्रश्न मात्र बहुधा विचारलाच जात नाही. तो वेळीच विचारला, तर एका नळीच्या वा झाकणाच्या खर्चात काम भागते. न विचारल्यास त्याची किंमत संपूर्ण इंजिनाने मोजावी लागते, आणि एकाच मालमोटारीवर ज्याचा चरितार्थ चालतो त्याला ती परवडणारी नसते.