टोकियो डिस्नेला जाताय? आधी हवामान बघा, भाषेचं नंतर

टोकियो डिस्नेलँड (१९८३) आणि शेजारचं डिस्नेसी (२००१) दोन्ही उरायासूला, टोकियोच्या उपसागराला लागून आहेत. त्यामुळे आभाळ निरभ्र असलं तरी वारा वाढला की रात्रीची आतषबाजी रद्द होते. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत तिथला पावसाळा, ऑगस्टमध्ये घामाघूम करणारा दमट उकाडा, सप्टेंबरात वादळांची धास्ती. आपल्याकडच्या शाळांना मेमध्ये सुट्टी असते हे खरं, पण महिन्याच्या सुरुवातीला जपानची ‘गोल्डन वीक’ची सुट्टी आणि तुफान गर्दी असते. ती ओसरल्यावरचे, पावसाआधीचे दोन-तीन आठवडे साधावेत. दिवाळीच्या सुट्टीतला नोव्हेंबर त्याहून सरस: हवा कोरडी, गारवा सोसवेल इतका. पावसात गर्दी कमी असते, असंही कुणी म्हणेल. असते; पण मिरवणुकाही रद्द होतात किंवा आटोपत्या घेतल्या जातात, आणि त्यांच्यासाठीच तर बरेचजण जातात!

भाषेचा बाऊ मात्र उगाच होतो. अधिकृत अॅप इंग्रजीत चालतं, आणि राइडवर झोकांड्या खाताना संवाद कोण ऐकतो? ‘जंगल क्रूझ’च्या नावाड्याचे विनोद तेवढे जपानीत असल्याने हुकतात. ‘टर्टल टॉक’मध्ये पडद्यावरचं कासव प्रेक्षकांशी जपानीतच गप्पा मारतं, ते खुशाल वगळा. खरी अडचण शाकाहाऱ्यांची. भाजीच्या सूपमध्येही माशांचा अर्क असू शकतो. म्हणून ‘मांस, मासे, त्यांचा अर्क चालत नाही’ एवढं जपानीत लिहून घेतलेलं कार्ड खिशात हवंच.