नजर साफ, पडदा धोक्यात

दिवाळीच्या मागेपुढे साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि उजनीच्या फुगवट्याभोवतीची गावे माणसांनी भरतात. करमाळा तालुक्यातले केत्तूर, कंदर असो की माढ्यातले टेंभुर्णी, फडाच्या कडेला टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. १९८० साली भीमेवरचे हे धरण पुरे झाले, ज्वारीच्या कोरड्या मुलखात ऊस आला, पण तोडणीला हात बाहेरचेच लागतात. बीड आणि अहिल्यानगरच्या टोळ्या सगळ्यांच्या ओळखीच्या. पश्चिम महाराष्ट्राच्या या उसाच्या पट्ट्यात धुळे-नंदुरबारकडची भिल्ल, पावरा कुटुंबेही कोयता घेऊन येतात. त्यांच्यातल्या काहींना सिकलसेल हा रक्ताचा आजार असतो, आणि तो डोळ्यांपर्यंत पोहोचतो हे फार थोड्यांना ठाऊक असते.

सोलापूरकडे सिकलसेल हे नाव दवाखान्यात सहसा निघत नाही. तो नंदुरबारचा, गडचिरोलीचा, विदर्भाचा आजार मानला जातो. भारतात तो पहिल्यांदा नोंदवला गेला १९५२ साली, निलगिरीच्या आदिवासींमध्ये. मध्य भारतातल्या रुग्णांविषयी नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये लिहिले. आपल्याकडे त्याचा जिल्हावार हिशेब मांडला जातो. पण ज्याचे पोट जिल्ह्याबाहेरच्या कामावर आहे, तो वर्षातले पाच-सहा महिने या हिशेबात सापडायचा कसा?

दोष अगदी छोटा आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवे, तिथे व्हॅलिन बसते. प्राणवायू सोडून दिलेले असे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांच्या लांब दोऱ्या होतात आणि गोल, लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकून ताठर होते. आईवडील दोघांकडून हे जनुक आले तर आजार होतो. एकाकडूनच आले तर माणूस वाहक असतो आणि बहुधा ठणठणीत राहतो. वाहकांना फाल्सिपेरम मलेरियापासून चांगले संरक्षण मिळते. म्हणून मलेरियाग्रस्त जंगलपट्ट्यांत हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकले. त्यात कुणाचा कमीपणा नाही.

थंडी, अतिश्रम आणि शरीरातले पाणी कमी होणे ही या आजाराची तीन मोठी निमित्ते. पहाटेच्या गारठ्यात फडात उतरणाऱ्या आणि पाण्याची बाटली संपली तरी मोळ्या बांधत राहणाऱ्या रुग्णाला तिन्ही एकदम गाठतात. हाडे-सांधे ठणकू लागतात. खाडा पडला तर पैसे कापले जातात, म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. निदान दुखते तरी. डोळ्याच्या पडद्यावर चाललेले नुकसान मात्र मुळीच दुखत नाही.

पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, कडेच्या भागाला रक्त सर्वांत शेवटी मिळते. उजनीच्या कालव्याच्या टेलवरच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको: वर कुठे अडले की कोरडे पडते ते टेलचे रान. ताठर पेशी बारीक धमन्या बुजवतात आणि कडेचा पडदा प्राणवायूविना राहतो. तो उपाशी भाग ‘व्हीईजीएफ’ नावाचे प्रथिन सोडून नव्या रक्तवाहिन्या मागतो. त्या येतात, पण नाजूक आणि वेड्यावाकड्या. समुद्रातल्या पंख्यासारख्या प्रवाळाशी साम्य दिसले म्हणून डॉक्टर त्यांना ‘सी फॅन’ म्हणतात. त्या फुटल्या की डोळ्यातल्या जेलीत रक्त उतरते आणि पुढे पडदा ओढला जाऊन सुटतो. अमेरिकी नेत्रतज्ज्ञ मॉर्टन गोल्डबर्ग यांनी १९७१ मध्ये या प्रवासाचे पाच टप्पे मांडले. पहिल्या तीन टप्प्यांत बहुतेकदा रुग्णाला सारे स्वच्छ दिसते. भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळ तो वाचतो आणि तपासणारा त्याला ‘डोळे उत्तम’ म्हणून घरी पाठवतो. मला या आजारातली सर्वांत घातक गोष्ट हीच वाटते.

म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब टाकून पडद्याची कड बघायला हवी. सुरुवात दहाव्या वर्षापासून करावी आणि दर एक-दोन वर्षांनी पुन्हा बघावे, असा सल्ला दिला जातो. रक्ताचा आजार सौम्य आहे म्हणून डोळे सुरक्षित आहेत असे समजू नये. हिमोग्लोबिन ‘एससी’ या प्रकारात रक्तक्षय कमी असतो, तरी पडद्याचे नुकसान अधिक होते, कारण रक्त दाट असते. हा प्रकार आपल्याकडे विरळ आहे. आपल्या रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बऱ्याचदा जास्त टिकून राहते आणि त्याने थोडे संरक्षण मिळते. थोडेच.

उपचारांबाबत घाईही नको आणि हयगयही नको. काही सी फॅन आपोआप सुकतात, त्यामुळे दिसला की जाळला असे होत नाही. वाढणाऱ्या, रक्तस्रावाचा धोका असलेल्या ठिकाणी लेझर करतात. उपाशी पडद्यावर छोटे छोटे डाग दिले की त्याची प्राणवायूची मागणी घटते, व्हीईजीएफ ओसरते आणि नव्या वाहिन्या मिटू लागतात. अशा लेझरने रक्तस्रावामुळे जाणारी दृष्टी वाचते, हे जमैकातल्या रुग्णांवरच्या चाचण्यांत दिसले. मधुमेही डोळ्यांसाठी वापरले जाणारे यंत्रच इथेही चालते. काही वेळा व्हीईजीएफ अडवणारे इंजेक्शन डोळ्यात देतात. रक्त साचून राहिले किंवा पडदा सुटला तर शस्त्रक्रियेखेरीज मार्ग नसतो, आणि अशा रुग्णांत ती अवघड असते. शरीरातले पाणी, प्राणवायू, डोळ्यातला दाब सारे जपावे लागते. भूल देणाऱ्याला आजाराची कल्पना नसेल तर धोका वाढतो. रक्तासाठी दिले जाणारे हायड्रॉक्सियुरिया गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते, पण ते घेणाऱ्यालाही पडद्याची तपासणी चुकत नाही.

उजनीकाठच्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, आणि ही वाहकांनाही लागू आहे. फडात डोळ्याला उसाच्या कांड्याचा मार बसला की बुबुळापुढच्या पाण्यात रक्त उतरू शकते. तिथे प्राणवायू कमी असल्याने वाहकाच्या पेशीही विळ्यासारख्या होतात, पाणी निचरायच्या जाळीत अडकतात आणि दाब चढतो. एरवी सहज पेलेल एवढ्या दाबानेही अशा डोळ्याची नस मरू शकते. दाब उतरवायला नेहमी दिली जाणारी ॲसिटाझोलामाइडची गोळी इथे टाळतात, कारण तिने रक्ताची आम्लता वाढते आणि पेशी अधिक वाकतात.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. आदिवासी भागातल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे लक्ष्य आहे आणि तपासलेल्यांना कार्ड मिळते. त्या कार्डावर पडद्याच्या तपासणीची तारीख असावी आणि कोप्यांवरच्या आरोग्य तपासणीत ते मागितले जावे. टोळ्या पावसाळ्यात आपल्या गावी असतात, तेव्हा लेझर आणि फेरतपासणी तिकडेच उरकता येईल. हंगामात इकडे लागते ती सिकलसेलचे हिमोग्लोबिन ओळखणारी विद्राव्यता चाचणी, बोटाच्या थेंबभर रक्तावर काही मिनिटांत होणारी. डोळ्याला मार लागून आलेल्या तोडणी कामगाराला दाब उतरवायची गोळी लिहून देण्याआधी ती करावी.