आधी आई पाहावी, मग पिल्लू

आमच्या लकडगंजात सागवानाची पारख नसलेला माणूस विरळा. नावातच लाकूड असलेली ही वस्ती. आरागिरण्यांची घरघर आणि ओल्या भुशाचा वास यांखेरीज इथला दिवस उजाडत नाही. इथला व्यापारी बल्लारशाचा लठ्ठा घेताना त्याच्या सालीवर भुलत नाही. कापलेले टोक निरखतो, गाभा किती आणि वरचे कच्चे लाकूड किती हे जोखतो, नखाने खरवडून पाहतो, आणि मगच भावाची गोष्ट काढतो. असा हा चोखंदळ माणूस घरात कुत्र्याचे पिल्लू आणायचे म्हटले की मात्र मोबाइलवरच्या एका छायाचित्रावर भाळतो, याचे मला मोठे नवल वाटते.

मी मराठीचा प्राध्यापक, पशुवैद्य नव्हे. परंतु गेल्या वर्षी शेजारी जे घडले ते पाहिल्यावर या विषयात डोके घालणे भाग पडले. शेजारचे भाऊ लाकडाचे व्यापारी. मुलगी सातवीत. तिच्या हट्टापायी त्यांनी ‘लॅब्राडॉर क्रॉस’ पिल्लू ठरवले. पैसे आधीच पोचते झाले, आणि एका संध्याकाळी टेलिफोन एक्स्चेंज चौकात स्कूटरवरून आलेल्या एका तरुणाने पुठ्ठ्याच्या खोक्यातून ते काढून मुलीच्या हातात दिले. वय म्हणे 45 दिवस. “याची आई कुठं हाय?” असे वहिनींनी विचारले तेव्हा “फार्मवर” एवढे उत्तर मिळाले, आणि स्कूटर गेली.

तिसऱ्या दिवशी पिल्लू ओकू लागले. चौथ्या दिवशी रक्ताचे जुलाब. डॉक्टरांनी पार्व्हो म्हणून सांगितले, सलाइन लावले, दोन रात्री वहिनी त्याच्यापाशी बसून राहिल्या. सहाव्या दिवशी ते गेले. विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. पार्व्होचा विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणे दिसायला साधारणपणे तीन ते सात दिवस लागतात. म्हणजे पिल्लाने तो रोग बहुधा त्या खोक्यातूनच सोबत आणला होता. मुलीने त्याच्यासाठी घेतलेला घुंगरांचा पट्टा अजून ओसरीतल्या खिळ्याला आहे. तो काढावा असे घरात कोणीच म्हणत नाही.

आता कोणी म्हणेल, संकरित पिल्लाच्या नादी लागलेच कशाला? कागदपत्रांचे अस्सल जातिवंत घ्यायचे. हा मुद्दा दिसतो तितका सरळ नाही. केनेल क्लब ऑफ इंडियाची वंशनोंदणी शुद्ध जातींसाठी असते. संकरित पिल्लाला तसला कागद मिळावयाचाच नाही. तेव्हा ‘क्रॉस आहे, पण पेपर देतो’ असे जो म्हणेल त्याच्या दारातून उलट्या पावली परतावे. संकरित पिल्लाची वंशावळ एकच: त्याची आई, ती राहते ते घर आणि तिला सांभाळणारा माणूस. खाण तशी माती, असे आपले पूर्वज म्हणत आले. त्यांनी ते कुत्र्यांसाठी म्हटले नव्हते. पण इथे ते चपखल बसते.

दुसरा एक समज आपल्याकडे घट्ट आहे, की संकर म्हटला की प्रकृती दणकट. अमेरिकेत डेव्हिस येथील विद्यापीठाने आपल्या रुग्णालयातील 27 हजारांवर रोगी कुत्र्यांच्या नोंदी तपासून 2013 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाहिलेल्या 24 आनुवंशिक विकारांपैकी 10 शुद्ध जातींत अधिक आढळले. पण 13 विकारांत दोहोंत काहीच फरक नव्हता, आणि गुडघ्याचा एक विकार तर मिश्र कुत्र्यांतच जास्त निघाला. मोठ्या कुत्र्यांना छळणारा खुब्याच्या सांध्याचा दोष फरक नसलेल्या तेरांत होता. आईबाप दोघांचेही खुबे सदोष असतील तर संकराने ते काही सरळ होत नाहीत.

हल्ली ज्याचे फार कौतुक आहे त्या लॅब्राडूडलची गोष्टही अशीच बोलकी आहे. ऑस्ट्रेलियात अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेतील वॉली कॉनरन यांनी 1989 च्या सुमारास लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर केला. हवाई बेटांवरील एका अंध बाईंना कुत्रा हवा होता आणि त्यांच्या यजमानांना केसांची अ‍ॅलर्जी होती. पिल्ले झाली तीन. त्यांतल्या एकाचेच केस यजमानांना सोसले. सख्खी भावंडे, एकाच आईची, तरी ही तऱ्हा! पुढे जगभर या संकराचा बाजार मांडला गेला, आणि खुद्द कॉनरन यांनी 2019 मध्ये आपण हे उगाच केले अशी खंत बोलून दाखवली. ‘याचे केस मुळीच गळत नाहीत, लिहून देतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याची मला म्हणूनच गंमत वाटते. नागपुरात हस्कीचा क्रॉस विकणाऱ्याची मात्र गंमत वाटत नाही. मे महिन्यात इथे पारा 45 अंशांपलीकडे जातो, आणि त्या मुक्या जिवाच्या अंगावर बर्फातली लोकर!

कायदा या बाबतीत पुष्कळ स्पष्ट आहे, फक्त तो कोणी वाचत नाही. 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली 2017 साली कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम झाले. पैदास करणाऱ्याची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. कुत्री दीड वर्षाची झाल्याखेरीज तिच्यापासून वेत घेता येत नाही, आणि तिच्या साऱ्या आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेता येत नाहीत. आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकण्यास बंदी आहे. बाजारात ‘45 दिवसांचे’ हे शब्द इतके सर्रास ऐकू येतात की तेच योग्य वय असावे असे वाटू लागते. प्रत्यक्षात आठ आठवडे म्हणजे 56 दिवस. मधले अकरा दिवस विक्रेत्याच्या दृष्टीने दुधाचा नि औषधाचा फुकट खर्च असतो. पिल्लाच्या दृष्टीने ते दिवस भावंडांत लोळत, ‘चावले की समोरचा ओरडतो’ हे शिकण्याचे असतात.

भाऊंनी पुन्हा पिल्लू पाहावयाचे मनावर घेतले तेव्हा मला म्हणाले, “सर, तुम्ही चाला न आमच्यासंग. या बारीला मी काही बोलणार नाही, फक्त पाहीन.” आम्ही दोन ठिकाणे पाहिली. पहिल्या ठिकाणी दिवाणखान्यात पिल्ले आणून दाखवली; आईकडे नेईनात. शेवटी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक हडकलेली, सड लोंबलेली कुत्री दिसली, आणि शेजारी पाच जातींच्या पिल्लांचे पिंजरे. लसीचे कार्ड मागितले तर त्यावर तारखा होत्या, पण कुपीवरची चिकटपट्टी नव्हती, डॉक्टरांची सही नव्हती. ‘हेवी बोन’, ‘डबल कोट’ हे शब्द मात्र मुबलक.

दुसरे घर हिंगण्याकडे, एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याचे. आई लॅब्राडॉर, बाप गोल्डन रिट्रीव्हर. ती अंगणात मोकळी होती. आम्हाला पाहून भुंकली, मग मालकाने हाक मारताच येऊन भाऊंचा हात हुंगला. भाऊंनी तिचे दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, चालवून पाहिले. लठ्ठ्याच्या टोकाशी वाकून बसावे तसे. नोंदणीचा कागद न मागता पुढे आला. दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे होते. तिचे हे दुसरे वेत होते. आणि मग त्या गृहस्थांनीच आमची उलटतपासणी आरंभली: दुपारी घरी कोण असते, गच्ची आहे का, उन्हाळ्यात त्याला कुठे ठेवाल, याआधी कुत्रे होते का.

वहिनींनी सगळे सांगितले. ऐकून ते गप्प झाले आणि म्हणाले, की तर मग पिल्लू आत्ता देता येणार नाही. पार्व्होचा विषाणू अंगणात महिनोन् महिने, कधी वर्षभरही टिकतो. फरशी ब्लीचने धुता येते, पण लाकडाच्या भुशाने भरलेली माती कशी धुणार? चार महिन्यांचे होऊन लसीचे सारे डोस पुरे झाल्यावरच ते या घरात येईल. विसार घेण्यासही त्यांनी नकार दिला. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयात भाऊंनी विचारले, तेथेही तेच सांगितले.

कागदावर त्यांनी एवढे लिहून दिले: दोन काळी, एक पिवळे, काळ्यांतले लहान हे यांचे, आणि पुढे केव्हाही सांभाळणे न जमल्यास कुत्रा इतर कोणास न देता परत आणावा. लाकडाच्या धंद्यात असला कागद कोणी देत नाही, असे भाऊ परतताना दोनदा म्हणाले. आता दर रविवारी मुलगी हिंगण्याला जाते. पिल्लाने तिचा एक मोजा फाडला आहे. अंगणातला भुसा भाऊंनी गाडीभर उचलून नेला, माती खणून काढली आणि तेथे फरशी घालून घेतली.