कोंसुआद : नाताळांतील एका ताटाचा विचार

डिसेंबर महिन्याच्या उत्तरार्धांत गोमंतकांतील ख्रिस्ती घरांतून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे झांकलेलीं ताटें जाऊं लागतात. त्यांत नेवऱ्या, दोदोल, बेबिंक, कुलकुल इत्यादि पदार्थ असतात, व त्या सर्वांस मिळून ‘कोंसुआद’ असें नांव आहे. मंगळूरकडील ख्रिस्ती लोक त्यासच ‘कुस्वार’ म्हणतात. शिलालेख, बखरी व पोथ्या यांत रमणाऱ्या वाचकांस हा विषय स्वयंपाकघराचा वाटण्याचा संभव आहे. परंतु जें कागदावर उतरलें तेंच इतिहासाचें साधन, असें आम्ही मानीत नाहीं. एखादा शब्द व त्यास चिकटून राहिलेला आचार हेंहि साधनच होय. नाताळचा जो धर्मार्थ ग्रंथांत सांगितलेला आहे, तो लोकांच्या व्यवहारांत कसा उतरला हें ह्या ताटावरून फार चांगलें समजतें, असें आमचें मत आहे. तें येथें क्रमानें मांडतों.

(१)

प्रथम शब्दांचा विचार करूं. ‘नाताळ’ हा शब्द मराठींत इतका मुरला आहे कीं त्याचें परकेपण कोणास जाणवत नाहीं. तो पोर्तुगीज ‘नाताल’ ह्यापासून आला, व त्याचें मूळ लॅटिन ‘नातालिस’, म्हणजे जन्मासंबंधीं, हें होय. ह्या लॅटिन शब्दाचा मूळ धातु व आपला ‘जन्’ धातु हे एकाच कुळांतील आहेत. तेव्हां हा पाहुणा परका असला तरी सोयऱ्यांतलाच आहे. डिसेंबरची २५ वी तारीख येशूच्या जन्माची म्हणून रोम येथील इ. स. ३५४ च्या एका पंचांगसंग्रहांत नमूद आहे. सणाचा काळ मात्र एका दिवसाचा नव्हे. त्यापूर्वीं चार रविवारांचा प्रतीक्षेचा काळ असतो, व जन्मदिनानंतर ६ जानेवारीस पूर्वेकडील तीन राजांचा उत्सव होतो.

आतां ‘कोंसुआद’. पोर्तुगीज भाषेंत ‘कोंसुआदा’ म्हणजे उपवासाच्या दिवशीं रात्रीं घ्यावयाचा अल्पाहार. आणि विशेषेंकरून नाताळच्या आदल्या रात्रीं कुटुंबानें एकत्र बसून करावयाचें भोजन. ह्या शब्दाचा संबंध कोशकार ‘सांत्वन करणें, धीर देणें’ ह्या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाशीं लावतात. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, पोर्तुगालांत ज्या शब्दानें स्वतःच्या घरीं स्वतःच्या मंडळींनीं करावयाचें भोजन समजलें जातें, त्याच शब्दानें गोव्यांत घराबाहेर पाठवावयाचें ताट समजलें जातें. शब्द समुद्रावरून आला, परंतु येथें उतरल्यावर त्याचा अर्थ फिरला. हा फेर कां पडला, हाच आमच्या लेखाचा प्रश्न आहे.

(२)

त्यासाठीं ह्या सणाची कथा साष्टीच्या लोकांस कोणत्या भाषेंत व कोणत्या परिस्थितींत सांगितली गेली हें पाहिलें पाहिजे. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडांतील विल्टशायर प्रांतांतला जेसुइट पाद्री १५७९ सालीं गोव्यास उतरला, व १६१९ सालीं मरण येईपर्यंत त्याचा बहुतेक काळ साष्टींतच गेला. त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. पहिल्या पुराणाचे ३६ व दुसऱ्याचे ५९ अवस्वर मिळून त्यांत १०,९६२ ओव्या आहेत. देवनागरी खिळे उपलब्ध नसल्यामुळें ग्रंथ रोमी लिपींत छापावा लागला. भाषा मात्र मराठी व वृत्त आपल्या संतांची ओवी.

तो काळ सौम्य नव्हता. १५६७ सालीं साष्टींतील देवालयें पाडलीं गेलीं होतीं, व नव्या ख्रिस्ती लोकांस आपलीं जुनीं पुराणें वाचण्याची मनाई होती. ग्रंथारंभींच एक प्रसंग आहे : मुलांस ख्रिस्ती धर्माचे पाठ दिले जात असतां एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीस विनवितो कीं, आमचीं पुराणें तर गेलीं, त्यांच्या ठिकाणीं वाचावयास दुसरें एखादें पुराण आम्हांस द्यावें. ह्या विनंतींत एका समाजाची केवढी रिकामी झालेली जागा दिसते, हें ज्यानें घरांत पोथी ऐकली आहे त्यास सांगावयास नको. स्टीफन्सचें पुराण ही त्या मागणीची पूर्ति होय. त्यांत स्वर्गास वैकुंठ म्हटलेलें आहे, आणि ऐकणाऱ्याच्या कानांस ओळखीची अशी सारी पुराणाची चाल आहे.

येशूजन्माचा प्रसंग दुसऱ्या पुराणांत येतो. मूळ कथा ल्यूकच्या शुभवर्तमानांतील, व ती वाचकांस ठाऊक असेलच. प्रवासास निघालेल्या गर्भवती मातेस धर्मशाळेंत जागा मिळत नाहीं. बालकाचा जन्म झाल्यावर त्यास गव्हाणींत निजवावें लागतें. आणि ही वार्ता प्रथम कळते ती रात्रीं मेंढरें राखणाऱ्या गरीब धनगरांस. पुढें मॅथ्यूच्या वृत्तान्तांत पूर्वेकडील ज्ञानी पुरुष सोनें, ऊद व बोळ हीं तीन उपायनें घेऊन येतात. लोकपरंपरेनें त्यांसच तीन राजे केलें. गोव्यांत बारदेशांतील रेइश मागुश व साष्टींतील चांदर येथें ६ जानेवारीस त्यांचा उत्सव होतो, व लहान मुलगे मुकुट घालून राजे बनतात.

साष्टींतील शेतकऱ्यास गोठा व गव्हाण म्हणजे काय हें समजावून सांगण्याचें कारण नव्हतें. ‘अतिथि’ ह्या शब्दाचा भारहि त्यास ठाऊक होता. ज्यास कोणीं थारा दिला नाहीं तो अतिथि साक्षात् देव होता, हें ह्या कथेचें मर्म त्याच्या मनांत जुन्या संस्काराच्या वाटेनेंच शिरलें असलें पाहिजे. धर्मशाळेचें बंद दार हा ह्या कथेचा आरंभ, व उपायनें हातीं घेऊन आलेले पाहुणे हा तिचा शेवट. ज्यानें ही कथा मनापासून ऐकली त्याला सणाच्या दिवशीं आपलें दार लावून एकट्यानें जेवतां येणार नाहीं.

(३)

कथेनें वृत्ति दिली, पण ताट कोठून आलें? आमच्या मतें तें येथलेंच होय. सणाचा पदार्थ शेजारीं दिल्यावांचून तोंडांत घालूं नये, ही चाल कोंकणांत सर्वत्र आढळते. दिवाळीचा फराळ, चतुर्थीच्या नेवऱ्या, माहेराहून सासरीं निघालेल्या मुलीबरोबर धाडावयाचें ‘वोजें’ हीं सर्व त्याच वृत्तीचीं रूपें. व वोजें तर गोव्यांत हिंदु व ख्रिस्ती दोन्ही घरांतून पाठवितात.

ताटांतील जिन्नसांचा परिचय करून घेतल्यास त्यांत एक लहानसा इतिहासच मांडलेला दिसतो. नेवरी ही आपली करंजी. दोदोल तांदुळाचें पीठ, गूळ व नारळाचा रस आटवून करितात. त्याच नांवाचा व तसाच पदार्थ मलाया व जावा येथें आहे. मलाक्का हें बंदर १५११ पासून पोर्तुगीजांकडे होतें, तेव्हां हें नांव त्या वाटेनें गोव्यास आलें असावें. बेबिंक अंड्यांचा बलक, साखर, पीठ व नारळाचा रस यांचे थरावर थर भाजून करावी लागते. एक थर भाजल्यावांचून दुसरा घालतां येत नाहीं, म्हणून तिला अर्धा दिवस जातो. मालक कोणीहि असोत, पदार्थांचा आधार मात्र नारळ, तांदूळ व गूळ हाच राहिला.

१७३६ सालीं गोव्याच्या धर्मन्यायासनानें काढलेलें निषेधपत्र संशोधकांस परिचित आहे. अंगणांत तुळस लावणें, मीठ न घालतां भात शिजविणें, पुरुषांनीं धोतर नेसणें, स्त्रियांनीं चोळी घालणें, अशा अनेक गोष्टी त्यांत ख्रिस्ती लोकांस निषिद्ध ठरविल्या आहेत. तें न्यायासन १८१२ सालीं कायमचें बंद झालें. परंतु शेजाऱ्यास ताट पाठविण्याची वृत्ति तत्पूर्वींहि मेली नाहीं व मागाहूनहि नाहीं. तिला नवीन सण व नवीन नांव मिळालें, एवढेंच. चतुर्थीस व दिवाळीस हिंदूंकडून ख्रिस्ती घरीं, आणि नाताळांत ख्रिस्ती घराकडून हिंदूंकडे अशीं ताटें जात येत राहिलीं. दोन समाजांमधील ज्या गोष्टी तुटल्या त्यांची नोंद दप्तरांत आहे. जी तुटली नाहीं तिची नोंद ह्या ताटांत आहे.

(४)

येथें एक शंका उद्भवते. ताट गेलें म्हणजे ताट परत येतें. हें दान म्हणावें काय? आपल्या धर्मशास्त्राच्या दृष्टीनें परतफेडीच्या अपेक्षेनें दिलेलें तें दान नव्हे. गीतेच्या सतराव्या अध्यायांत, ज्यानें आपल्यावर उपकार केला नाहीं त्यास, देणें हें कर्तव्य म्हणून, योग्य देशीं व योग्य काळीं दिलेलें तें दान सात्त्विक मानिलें आहे. फळाकडे डोळा ठेवून दिलेलें तें राजस. ह्या निकषावर कोंसुआद म्हणजे निव्वळ देवघेव ठरेल. आम्हीहि पुष्कळ काळ असेंच समजत होतों. आमचें मत कसें बदललें तें सांगणें येथें अप्रस्तुत होणार नाहीं.

सावंतवाडीच्या बाजूस एका खेड्यांत आम्ही शिक्षक असतां आमचे वडील वारले. त्या वर्षीं घरीं दिवाळीचा फराळ झाला नाहीं. शेजारच्या घरांतून आला. पुढें नाताळांत आमच्या ख्रिस्ती शेजारीणबाई नित्याप्रमाणें ताट घेऊन आल्या. आमच्या मातोश्रींनीं ताट रिकामें केलें, व रिकामें भांडें परत देऊं नये ह्या रीतीप्रमाणें त्या साखरेचा डबा उघडूं लागल्या. तों बाईंनीं त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, “काकी, यंदा ताटात काय घालू नका. दुखाच्या घरान घेवचां, देवचां नाय.” मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. रिकामें ताट पदराखालीं घेऊन बाई निघून गेल्या. आमच्या घरून रिकामें भांडें परत गेल्याचा आमच्या आठवणींतील हा एकच प्रसंग.

पुढें चौकशी करितां कळलें कीं, ही त्या बाईंची एकटीची कल्पना नव्हे. ज्या ख्रिस्ती घरांत वर्षाच्या आंत मृत्यु झाला असेल तेथें नाताळचे गोड पदार्थ करीत नाहींत. शेजारी व आप्त त्यांच्याकडे आपलें ताट पाठवितात. आपल्या दिवाळीची रीत तीच आहे. तेव्हां सुखाच्या वर्षीं जी देवघेव दिसते, ती दुःखाच्या वर्षासाठीं राखलेली वाट आहे, असें आमच्या ध्यानांत आलें. वाट रोज वापरांत असली तरच अडचणीच्या वेळीं तीवरून जातां येतें. जें घर कांहीं देऊं शकत नाहीं त्या घरीं त्या वर्षीं सर्वांकडून येतें, आणि घेणाऱ्यास ओशाळें वाटत नाहीं, कारण मागें त्यानेंहि दिलेलें असतें. सात्त्विक दानांत दाता निरपेक्ष असतो हें खरें. पण घेणाऱ्याची लाज राखण्याची ही युक्ति आम्हांस त्याहून कमी योग्यतेची वाटत नाहीं. कांहीं वर्षांनीं बाईंचे पति निवर्तले. त्या नाताळांत आमच्या घरून ताट गेलें, व तें रिकामें परत आलें.

‘कोंसुआदा’ ह्याचें मूळ सांत्वनांत आहे हें कोशांत आम्हीं पुष्कळ उशिरां वाचलें. ती व्युत्पत्ति त्या बाईंस ठाऊक असण्याचा संभव नव्हता. अर्थ मात्र त्यांस पूर्ण ठाऊक होता.

(५)

आतां ज्यांच्याकडे पोथ्या आहेत त्या वाचकांस एक विनंती. ख्रिस्तपुराण १६१६, १६४९ व १६५४ असें तीनदां छापलें गेलें, तथापि त्या मुद्रणांपैकीं एकहि प्रत उपलब्ध झाल्याचें ज्ञात नाहीं. १६८४ सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयानें लोकांनीं तीन वर्षांत देशभाषा सोडून पोर्तुगीज बोलावें असा हुकूम काढला. अशा स्थितींत तें पुन्हां कोण छापणार? तरी ग्रंथ वांचला, तो हातानें उतरून घेणाऱ्यांमुळें. कानडा प्रांतांत गेलेल्या ख्रिस्ती घराण्यांनीं आपल्या प्रती जपल्या, एकमेकांस उतरून घेऊं दिल्या, व त्या हस्तलिखितांच्या आधारें जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें तो छापला. लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी पोथी जस्टिन ॲबट यांनीं विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत उजेडांत आणिली, आणि १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति पुण्यास निघाली. छापखान्यानें जें राखलें नाहीं तें उसनवारीनें राखलें.

हेमाद्रीच्या दानखंडांत ग्रंथदानासहि स्थान आहे, ही गोष्ट आपण संग्राहक विसरतों. पोथी मिळविण्याचा आनंद आम्हीहि भोगला आहे, व ती दुसऱ्याच्या हातीं देतांना हात कसा आखडतो तेंहि आम्हांस माहीत आहे. परंतु पेटींत बंद केलेली एकुलती प्रत म्हणजे दार लावलेली धर्मशाळाच होय. गोमंतक, वसई व कानडा येथील जुन्या घरांतून रोमी लिपींतील मराठी बाडें, ओव्यांचीं सुटीं पानें, घरगुती हिशेबाच्या वह्या असण्याचा संभव आहे. हिशेबाच्या वहींत नाताळच्या ताटासाठीं घेतलेला गूळ, नारळ, तांदूळ यांची नोंद व तीं ताटें कोणाकोणाकडे गेलीं त्यांचीं नांवें सांपडलीं, तर आम्हीं वर अनुमानानें सांगितलें तें साधार मांडतां येईल, किंवा चुकलें असल्यास सुधारतां येईल. ज्यांच्याकडे असें कांहीं असेल त्यांनीं मूळ प्रत स्वतःजवळच ठेवावी, पण तिची नक्कल दुसऱ्यास घेऊं द्यावी, एवढीच प्रार्थना. इत्यलम्.